सही कुणाची, अधिकार कुणाचा? सचिव, आयुक्त आणि संचालकांच्या कायदेशीर अधिकारांची गोष्ट

३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि देवेंद्र फडणवीस यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यानंतर ९ ऑगस्टपर्यंत महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ म्हणजे हे दोघंच होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुख्य सचिवांचा एक आदेश निघाला. मंत्री आणि राज्यमंत्र्यांपुढे चालणाऱ्या अपिलांची आणि पुनरीक्षण अर्जांची (म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा आदेश पुन्हा तपासावा, अशा मागणीच्या अर्जांची) सुनावणी आता सचिव घेतील, असा त्याचा आशय होता. ‘मंत्र्यांचे अधिकार सचिवांना’ असे मथळे झळकले. विरोधकांनी लोकशाहीचा मुद्दा काढला. हे फक्त सुनावणीपुरतं आहे, असा खुलासा सरकारने केला. पुढे मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि विषय बातम्यांतून मागे पडला.

लोकांच्या मनातला प्रश्न मात्र सुटला नाही. मंत्र्याचा अधिकार सचिवाला असा देता येतो का? मुळात सचिवाला, आयुक्ताला, संचालकाला स्वतःचा असा अधिकार असतो तरी कुठला? हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही. मंत्रालयाच्या दारात पास काढायला रांगेत उभ्या राहणाऱ्या कितीतरी माणसांचं काम त्या इमारतीत होण्यासारखंच नसतं. ते काम करण्याचा अधिकार पुण्यातल्या एखाद्या आयुक्ताकडे असतो, नाहीतर त्यांच्याच तालुक्यातल्या अधिकाऱ्याकडे. हे त्यांना आधी कुणी सांगत नाही. म्हणून हा विषय पायापासून समजून घेऊ.

कागदावर कारभार कुणाचा?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५४ नुसार राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांकडे असतो. तो त्यांनी स्वतः किंवा आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांमार्फत वापरायचा असतो. प्रत्यक्षात राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. पण वर्षाला हजारो फायली मंत्रिमंडळापुढे कशा येणार? ही अडचण अनुच्छेद १६६ ने सोडवली आहे. त्यानुसार राज्यपाल कामकाजाचे नियम करतात, आणि कुठलं काम कोणत्या खात्याकडे जाईल, कोणता विषय मंत्रिमंडळापुढे न्यावाच लागेल, कोणता मुख्यमंत्र्यांना दाखवावा लागेल, हे त्या नियमांत ठरवलेलं असतं. या नियमांना ‘कार्यनियमावली’ म्हणतात. महाराष्ट्रात १९७५ ची कार्यनियमावली वर्षानुवर्षं कारभाराचा कणा राहिली आहे.

त्या नियमांनुसार खात्याच्या कामाची जबाबदारी मंत्र्याची, आणि काम नियमाने चालतंय की नाही हे पाहण्याची जबाबदारी सचिवाची. कोणत्या प्रकारची प्रकरणं सचिवाच्या पातळीवर निकाली काढायची, कोणती उपसचिवाच्या, हे मंत्री ‘स्थायी आदेश’ काढून ठरवतात. म्हणजे सचिवाने स्वतःच्या सहीने निकाली काढलेली फाइल मंत्र्याला डावलून काढलेली असते असं नाही. बहुतेक वेळा मंत्र्यानेच ती वाट आखून दिलेली असते.

शासन निर्णयाखाली अवर सचिवाची सही, मग निर्णय त्याचा?

कुठलाही शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, उघडून पाहा. वर ‘महाराष्ट्र शासन’, खात्याचं नाव, क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता, तारीख. मग ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी. मग प्रस्तावना आणि निर्णय. शेवटी जवळजवळ ठरलेलं वाक्य: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. त्याखाली सही असते ती बऱ्याचदा अवर सचिवाची, उपसचिवाची, कधी कक्ष अधिकाऱ्याची.

राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. सही करणाऱ्यानेही निर्णय घेतलेला नसतो. निर्णय फाइलवर झालेला असतो. सही करणारा ‘हा शासनाचाच आदेश आहे’ अशी खूण करतो, आणि तेवढ्यापुरता अधिकार त्याला नियमाने दिलेला असतो. कंपनीच्या चेकसारखं आहे हे. खात्यात पैसा कंपनीचा, खर्च ठरवला संचालकांनी, पण बँक बघते ती तिच्याकडे नमुना दिलेली सही. मालकाची असली तरी नमुन्यात नसलेली सही असेल तर चेक परत येतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात हे नेमकं सांगितलं. कार्यनियमावलीप्रमाणे अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय हा शासनाचाच निर्णय असतो. अधिकारी मंत्र्याचा मुखत्यार म्हणून तो घेत नाही, शासनाचा अवयव म्हणून घेतो. याची दुसरी बाजूही आहे. तो निर्णय अधिकाऱ्याने घेतला म्हणून मंत्री विधानसभेत हात झटकू शकत नाही.

जीआरमधली आणखी एक ओळ वाचायची सवय लावून घ्यावी: ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने’. ज्या निर्णयात पैसा गुंतलेला आहे त्यात ही ओळ महत्त्वाची. शिक्षण खात्याच्या सचिवाला शिक्षणातलं सगळं ठरवता येत असेल, पण तिजोरीवर बोजा पडणार असेल तर वित्त विभागाला विचारावंच लागतं. ही ओळ नसलेल्या घोषणेवर फार विसंबू नये, असं माझं मत आहे.

सचिव वेगळा, विभाग प्रमुख वेगळा

बोलताना आपण दोघांनाही ‘खात्याचे प्रमुख’ म्हणून मोकळे होतो. नियमांच्या भाषेत फरक आहे. सचिव (प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव हीसुद्धा त्याच खुर्चीवर बसणाऱ्या अधिकाऱ्याची दर्जानुसार नावं) मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाचा प्रमुख. त्याचं काम धोरण आखणं, मंत्र्याला सल्ला देणं, शासनाच्या नावाने आदेश काढणं.

‘विभाग प्रमुख’ हा साधारणपणे मंत्रालयाबाहेर बसतो आणि धोरण अमलात आणतो. माझगावचे राज्यकर आयुक्त, मुंबईतले परिवहन आयुक्त, तंत्रशिक्षण संचालक. पुण्यातले कृषी आयुक्त, सहकार आयुक्त, साखर आयुक्त, जमाबंदी आयुक्त, नोंदणी महानिरीक्षक. कुणाला विभाग प्रमुख म्हणायचं हे मानपानावर ठरत नाही. सेवानियम आणि वित्तीय नियमांसाठी तशा याद्याच केलेल्या असतात. यादीत नाव असलं की त्या पदाला कर्मचारी, रजा, खर्च यांबाबतचे ठरावीक अधिकार मिळतात.

मुंबईकरांसाठी एक खुलासा. महापालिका आयुक्त या यादीत बसत नाहीत. त्यांचा अधिकार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातून येतो. गटार तुंबल्याची तक्रार मंत्रालयात दिली तर ती फिरून वॉर्ड ऑफिसातच येणार.

अधिकार येतो कुठून?

सगळ्यात भक्कम अधिकार कायद्यातून येतो. एखादं कलम एखाद्या पदाचं नाव घेऊनच म्हणतं की अमुक गोष्ट हा अधिकारी करेल. आपल्या सोसायट्यांचंच पाहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० बहुतेक अधिकार ‘निबंधका’ला देतो. सहकार आयुक्त हेच राज्याचे निबंधक. पण राज्यातल्या प्रत्येक सोसायटीचं भांडण ते पुण्यात बसून कसं सोडवणार? म्हणून त्याच कायद्यातल्या कलम ३ मध्ये निबंधकाचे अधिकार इतर अधिकाऱ्यांना देण्याची सोय आहे. तुमच्या वॉर्डातला उपनिबंधक सोसायटीच्या कमिटीला नोटीस काढतो तेव्हा या सोयीने मिळालेला अधिकार वापरत असतो. कलम नसतं, तर त्याच्या कागदाला किंमत नसती.

दुसरा अधिकार कायदा ‘राज्य शासना’ला देतो, कुणाचं नाव न घेता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५७ मध्ये खालच्या महसूल अधिकाऱ्यांच्या आदेशांचं पुनरीक्षण राज्य शासन करू शकतं. आता राज्य शासन म्हणजे नक्की कोण, हे पुन्हा कार्यनियमावली ठरवते. प्रथेने आणि नियमाने तिथे मंत्री सुनावणी घेतात.

२०२२ च्या आदेशाचं कोडं इथे सुटतं. न्यायालयासारखी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देण्याची ही कामं ‘अर्धन्यायिक’ म्हणवली जातात. कायद्याने ती ‘शासना’ला दिलेली आहेत, म्हणून शासनातल्या कुणी ऐकायचं हे शासनाला आपल्या नियमांच्या चौकटीत बदलता येतं. कायद्यात ‘आयुक्त’ असं पद लिहिलेलं असतं, तर एका परिपत्रकाने ते बदलणं जमलं नसतं. त्यासाठी कायद्यातच सोय हवी.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्या आदेशातली काळजीची बाब सचिव सुनावणी घेणार ही नव्हती. जमिनीच्या वादात दोन्ही पक्षांना ऐकून कारणांसह आदेश लिहिण्याचा सराव अनुभवी सनदी अधिकाऱ्याला असतो. काळजी होती ती ज्याला विधानसभेत प्रश्न विचारता येईल असा खात्याचा स्वतंत्र मंत्रीच तेव्हा नव्हता याची.

वरच्या साहेबाला खालच्याचा अधिकार वापरता येतो का?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वरिष्ठ आहे म्हणजे सगळं करू शकतो, असं आपण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नाही, आणि हे ज्या खटल्याने पक्कं केलं तो आपल्या मुंबईचाच आहे.

१९४७ मध्ये एका गृहस्थांना अंधेरीत सिनेमागृह बांधायचं होतं. नियमांप्रमाणे परवानगी देण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार मुंबईच्या पोलीस आयुक्तांचा. आयुक्तांनी जुलैमध्ये परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच कार्यालयातून पत्र गेलं: सरकारच्या निर्देशावरून कळवतो की परवानगी रद्द करण्यात आली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५१ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने विचारलं ते एवढंच की रद्द कुणी केलं? पत्रातल्या शब्दांवरून दिसत होतं की निर्णय सरकारचा होता आणि आयुक्तांनी तो नुसता पोचवला. रद्द करण्याचा अधिकार सरकारला नव्हता, आणि ज्याला होता त्या आयुक्तांनी स्वतःची बुद्धी वापरली नव्हती. रद्द करणं टिकलं नाही.

आयुक्तांनी मागाहून ‘तो माझाच निर्णय होता’ असं सांगितलं, तेही न्यायालयाने मानलं नाही. जाहीर आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याने नंतर दिलेल्या खुलाशावरून नाही, हे तत्त्व तिथून पुढे देशभर वापरलं गेलं.

हा नियम खुद्द मुख्यमंत्र्यांनाही लागू आहे. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोकरभरतीला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली होती. सहकार खातं त्यांच्याकडे नव्हतं. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती स्थगिती बेकायदेशीर ठरवली. संबंधित खात्याच्या मंत्र्याच्या अखत्यारीतल्या निर्णयात असा हस्तक्षेप करण्याचा स्वतंत्र अधिकार कार्यनियमावली मुख्यमंत्र्यांना देत नाही, असं खंडपीठाने म्हटलं.

‘मग मंत्र्याने आयुक्ताला काहीच सांगायचं नाही का?’ असं कुणी विचारेल. सांगायचं की. धोरण ठरवणं, सर्वसाधारण सूचना देणं, कामाचा जाब विचारणं हे मंत्र्याचंच काम आहे. पण कायद्याने आयुक्तावर सोपवलेल्या एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट अर्जाचा निकाल ‘असा दे’ हे सांगता येत नाही. निकाल चुकीचा वाटला तर त्यावर अपिलाचा मार्ग असतो.

‘साहेबांनी फाइलवर लिहिलंय’ म्हणजे झालं का?

नाही. हा गैरसमज फार महागात पडतो. ‘मंत्र्यांनी शेरा मारला, आता काम झालंच’ म्हणून लोक घरी जातात आणि महिनोन्महिने वाट पाहतात.

१९६२ च्या एका निकालाने हा मुद्दा कायमचा मिटवला. पूर्वीच्या पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचा संघ) राज्यातल्या एका बडतर्फ कर्मचाऱ्याच्या अपिलावर महसूल मंत्र्याने फाइलवर त्याच्या बाजूने शेरा लिहिला. तो त्याला कळवण्याआधीच ते राज्य पंजाबात विलीन झालं आणि नव्या मुख्यमंत्र्यांनी बडतर्फी कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाइलवरचा शेरा म्हणजे आदेश नव्हे. तो राज्यपालांच्या नावाने काढला पाहिजे आणि संबंधित माणसाला कळवला पाहिजे. तोवर शेरा बदलता येतो.

तोंडी आदेशांचं तर बोलायलाच नको. सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, सूचना मिळाल्याच तर त्या लेखी नोंदवाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात बजावलं. चांगला अधिकारी फोन ठेवल्यावर फाइलवर दोन ओळी लिहितो, त्यामागचं कारण हे आहे.

माणसं आणि पैसा

सेवेच्या बाबतीत अधिकारांची उतरंड स्पष्ट आहे. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमात भारतीय प्रशासन सेवेसारख्या अखिल भारतीय सेवांतल्या अधिकाऱ्यांच्या बदलीचा अधिकार मुख्यमंत्र्यांना, गट ‘क’ कर्मचाऱ्यांच्या बदलीचा विभाग प्रमुखांना आणि गट ‘ड’च्या बदलीचा प्रादेशिक विभाग प्रमुखांना दिला आहे. तीन वर्षं हा सर्वसाधारण कार्यकाळ, बदल्या एप्रिल-मेमध्ये. मध्येच बदली करायची तर कारण लेखी हवं आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता हवी. तरी बदली करू शकणारे मुख्यमंत्री सनदी अधिकाऱ्याला बडतर्फ करू शकत नाहीत. तो अधिकार केंद्राचा.

पैशांसाठी मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ आहेत. कुठल्या प्रकारचा खर्च कुठल्या पातळीवर मंजूर होतो, हे त्यात आणि त्यावरच्या सुधारणांत बाबवार ठरलेलं असतं. इथे दोन मंजुऱ्यांत गल्लत होते. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे हे काम करायचं असं ठरलं. ‘तांत्रिक मान्यता’ म्हणजे अभियंत्याने आराखडा आणि अंदाजपत्रक तपासलं. दोन्ही मिळाल्या तरी अर्थसंकल्पात तरतूद नसेल आणि निधी वितरित झाला नसेल, तर ठेकेदाराचं बिल निघत नाही.

अधिकार असताना फाइल वर का पाठवतात?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यात सापडत नाही. निर्णय घेतला आणि पुढे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांच्या तपासणीत आक्षेप निघाला, तर वसुली आणि विभागीय चौकशी सही करणाऱ्याच्या मागे लागते. निर्णय घेतलाच नाही तर सहसा कुणी विचारत नाही. त्यामुळे ‘मार्गदर्शन मागवण्यात यावे’ अशी टिप्पणी लिहून फाइल वर ढकलणं सोपं वाटतं. त्यात अर्जदार पिचतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा शिक्षक, अनुदानाची वाट पाहणारी शाळा, विम्याच्या कागदासाठी अडलेली विधवा यांच्यासाठी ‘मार्गदर्शन मागवले आहे’ हे उत्तर नकारापेक्षा वाईट असतं, कारण नकारावर निदान अपील करता येतं.

कायद्याने यावर उपाय ठेवलेला आहे. वर ज्या २००५ च्या अधिनियमाचा उल्लेख आला, त्याच्या नावाचा दुसरा अर्धा भाग ‘विलंबास प्रतिबंध’ असा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. त्याच्या कलम १० नुसार सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि विचारावं लागणार असेल तर तीन महिन्यांत निर्णय झाला पाहिजे. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम ९ म्हणतं की अंतिम निर्णयासाठी कुणाला कोणते अधिकार सोपवले आहेत, याची यादी प्रत्येक कार्यालयाने प्रसिद्ध करावी.

आपल्या कामाचा अधिकार कुणाकडे, हे कसं शोधायचं?

अर्ज लिहिण्याआधी हे शोधावं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करायची असते. त्यातली दुसरी बाब म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं. तिसरी, निर्णय घेण्याची पद्धत. खात्याच्या संकेतस्थळावर हा तक्ता सापडतो. त्यात पदनाम, अधिकार आणि तो ज्या कायद्याखाली किंवा शासन निर्णयाखाली आहे त्याचा उल्लेख असतो. नेमका तोच उल्लेख आपल्या अर्जाच्या विषयात घालावा: ‘अमुक अधिनियमाच्या कलम अमुक अन्वये अर्ज’. अर्ज त्या पदनामाच्या नावे द्यावा, व्यक्तीच्या नाही, कारण व्यक्तीची बदली होते. पोच घ्यावी आणि तारीख जपून ठेवावी.

तक्ता सापडला नाही किंवा जुना निघाला, तर माहिती अधिकारात विचारता येतं. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. प्रश्न सरळ ठेवावा: ‘या विषयावर अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे, आणि तो ज्या आदेशाने दिला त्याची प्रत द्यावी.’ उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे.

तुमचं काम अधिसूचित सेवांपैकी असेल, म्हणजे दाखले, नोंदी, परवाने यांसारखं, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू होतो. तिथे प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो), मुदत आणि अपिलाचे टप्पे ठरलेले आहेत. कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आणि उत्तरादाखल हातात आदेश आला, तर आधी तो कुणी काढला ते पाहा. कोणत्या कलमाखाली काढला, कारणं लिहिली आहेत का, ‘वरून आलेल्या निर्देशानुसार’ असा शब्दप्रयोग आहे का, हेही तपासा. असा शब्दप्रयोग दिसला तर त्याच्याखाली रेघ मारा आणि तो कागद वकिलाला सगळ्यात आधी दाखवा.